बाबा घसरले नव्हते

नौपाड्यातल्या स्कॅन सेंटरात योगिनी आपल्या नंबराची वाट बघत होती. शेजारी एक आई नि तिची कॉलेजातली मुलगी बसली होती. मुलीचे बाबा समोर व्हीलचेअरवर पोट धरून कण्हत होते.

“कृतिका, परवाच्या स्कॅनमध्ये काहीच नव्हतं ना? मग आज परत कशाला?”

“स्वादुपिंडाला मार लागला असेल तर पहिल्या दिवशी कधीकधी दिसत नाही म्हणे.”

“बाथरूममध्ये घसरून तिथे कसा मार लागेल?”

“डॉक्टरांनीपण तेच विचारलं.”

“मग?”

“आई, बाबा घसरले नव्हते. मी स्कूटर शिकत होते. घाबरून ब्रेकऐवजी रेस दिली. हॅन्डल त्यांच्या पोटात घुसलं.”

“अगं बाई!”

“तू मला ओरडशील म्हणून ते म्हणाले, कुणाला सांगू नको.”

“मी ओरडेन म्हणून दोन दिवस गप्प बसलात?”

“रडू नको ना.”

“कोण रडतंय? ऊठ, आधी आतल्या डॉक्टरांना सांग.”

तेवढ्यात योगिनीच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली नाही.

“त्यांना आधी घ्या,” ती म्हणाली.

अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले. “स्वादुपिंड फाटलंय. हॅन्डलचं सांगितलंत ते बरं केलंत, नेमकं तिथेच बघितलं. सर्जनना फोन केलाय, आजच ऑपरेशन करतील.”

मागून व्हीलचेअर आली.

“अगं, पोरीला काही बोलू नकोस.”

“तिला नाही बोलत. तुम्ही बरे होऊन घरी या, मग तुम्हाला बोलते.”