नेल्याची तारीख

(धुळे, देवपूर. पाण्याच्या जळलेल्या मोटारी भरायचं, म्हणजे त्यांत तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायचं, छोटं दुकान. पुष्पाबाई आणि तिची मोठी नणंद यशोदाबाई, म्हणजे अक्का.)

पुष्पा : बिल्ल्यावर लिहा अक्का. आल्याची तारीख, वीस डिसेंबर एकोणीसशे एकोणनव्वद. जुनिपर, बोन्सायचं झाड, एक नग.

अक्का : झाडले बी बिल्ला? झाड शे का मोटर?

पुष्पा : या टेबलावर जे येतं त्याला बिल्ला लागतो. तुमच्या भावाचाच नियम. खाली 'नेल्याची तारीख' लिहा आणि पुढे कोरं ठेवा.

अक्का : भाऊले जाईसन दोन महिना बी नही व्हयनात, अन तू तार लई बसनी.

पुष्पा : त्यांनीच आणलं ना पुण्याहून. म्हणाले, थंडी पडली की तार गुंडाळून दोघं मिळून वाकवू. कड्यावरून लोंबतं तसं कुंडीच्या खाली उतरलं पाहिजे. भिंतीवर ही खडूची रेघ त्यांनीच मारून ठेवली. खोड या रेघेवर आलं की झालं.

अक्का : तुले येस का हाई?

पुष्पा : झाडाचं नाही येत. पण वीस वर्षं मोटारी भरल्यात त्यांच्याबरोबर. तांब्याची तार माझं ऐकते. बुंधा धरा.

अक्का : केवढं जवळ गुंडाळस वं. साल बी दिखस नही.

पुष्पा : वेढ्याला वेढा चिकटलाच पाहिजे. पहिल्या मोटारीत फट ठेवली तर सगळी उसवायला लावली होती मला. हं, दाबा आता. हळू.

अक्का : काय वाजनं?

पुष्पा : तार असेल. आलं बघा. बरोबर रेघेवर. त्यांनीच वाकवल्यासारखं.

अक्का : नको म्हनू असं. माले भ्याव लागस.

*

अक्का : बसा, मास्तर. तुम्ही भाऊना दोस्त. ती चहा करी राह्यनी, तवर सांगस. होळी व्हयनी, पन तिनं वेड नही गयं. रोज सकाळे दुकाननं दार लावस अन झाडसंगे बोलस. बोलस, मंग थांबस. जशी कोन्ही उत्तर दी राह्यनं.

बन्सीलाल : माणूस गेल्यावर होतं असं, अक्का.

अक्का : मी बाहेर बसस. एक दिन मज्यार, दुकानमा, कोन्ही खोकलं. मना भाऊ खोके तसं.

पुष्पा : घ्या मास्तर, चहा. तुम्ही आणि हे बरोबरच गेला होतात ना पुण्याला? तुमचं जुनिपर कसं आहे जळगावला?

बन्सीलाल : बरं आहे, वहिनी.

पुष्पा : हेही बघा. एवढ्या दिवसांत एक पान पिवळं नाही.

बन्सीलाल : तार थोडी सोडू का?

पुष्पा : सोडा.

बन्सीलाल : वहिनी, ही तार विरळ, तिरकी घालायची असते. साल दिसत राहिली पाहिजे. इथं बघा, वाकलंय तिथं आरपार चिरलंय. वेढ्यांखाली झाकून गेलं. आत सगळं कोरडं आहे.

पुष्पा : पाला हिरवा आहे की.

बन्सीलाल : जुनिपर असाच. मेल्यावरही दोन-तीन महिने हिरवा दिसतो.

पुष्पा : मेलं कधी?

बन्सीलाल : वाकवलं, त्याच दिवशी म्हणायचं.

अक्का : पुष्पा, घरमा चाल.

पुष्पा : मग खोकलं कोण? अक्का, तुम्हीही बाहेर बसायच्या. तुम्ही ऐकलं ना?

अक्का : नही. मी काही नही ऐकं.

*

बन्सीलाल : सात वर्षांनी येतोय, वहिनी. दुकान चालू आहे म्हणायचं.

पुष्पा : मीच भरते मोटारी. एकटीला झेपतील तेवढ्या. तुमची शाळा?

बन्सीलाल : जूनमध्ये रिटायर झालो. एका डोळ्यानं दिसत नाही आता. झाडं वाटून टाकली, ते एक जुनिपर ठेवलंय. अक्का साक्रीला, आपल्या घरीच असतात?

पुष्पा : अक्का दिवाळीत गेल्या. मी होते जवळ. हात धरून म्हणाल्या, "मी ऐकं व्हतं वं. तुले खोटं सांगं."

बन्सीलाल : भिंतीला रंग दिलात, पण रेघ तशीच आहे.

पुष्पा : रंगाऱ्याला म्हटलं, तेवढी सोड.

बन्सीलाल : आणि हे वाळलेलं खोड. बिल्ल्यासकट. नेल्याची तारीख घातली नाहीत?

पुष्पा : न्यायला हे कुठं आलेत अजून.