हुसेनच्या वॉलेटातला चहा

नईम : भाभी, खरं सांगा, भाईचा हा फोन तुमी मधनंच चालू केलता का?

फातिमा : न्हाई. कंपनीनं पिशवीतनं पाठवला तसा कपाटात होता. आज तूच काढलास, तूच चार्जिंगला लावलास.

नईम : अर्शीनं घेतला असंल.

फातिमा : ती महिनाभर जयसिंगपूरला हॉस्टेलवर हाय. आनि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. का रं? तुझं तोंड असं का झालंय?

नईम : बसा जरा. भाई मस्कतहनं पैसे कसे पाठवायचा, ठावं हाय न्हवं तुमास्नी?

फातिमा : ते मोबाइलमधलं डॉलरचं नाणं. तू दुकानात त्याचे रुपये करून आणून द्यायचास.

नईम : तेच. बँकेतनं पाठवलं की कापून घ्यायचे, वर दोन दिवस थांबा. ह्याला खर्च किरकोळ, मिनिटात पोच. म्हणून भाई तिकडं रिचार्ज, साबण, चहा, सगळं ह्या वॉलेटातनंच द्यायचा.

फातिमा : मग? चोरले का कुणी पैसे? पोरीच्या फीला तेवढाच आधार हाय बाबा.

नईम : पैसे हायत. खरं, थोडं थोडं जातंय. हे बगा. रोज एकदा, सकाळी सातच्या सुमाराला. एकाच नावावर. ‘गुंडू चहा’.

फातिमा : जुनं असंल ते. ह्यांच्या तोंडात सारखं असायचं, मस्कतातली गुंडूची टपरी.

नईम : जुनं न्हवं. काल गेलेत, परवा गेलेत. भाईला माती देऊन पाच महिने झाले, भाभी. मी ह्या हातानं दिली. त्या पाच महिन्यांत रोज एक चहा.

फातिमा : आपोआप जात असतील. मशीनच ते.

नईम : मलाबी तसंच वाटलं. खरं, आपोआप जाणाऱ्या पैशाची वेळ ठरलेली असती. ही हलत्या. कधी सातला, कधी सव्वासातला. आनि शुक्रवारी थेट दहाला.

फातिमा : शुक्रवारी त्यांना सुट्टी असायची. उशिरा उठायचे.

नईम : भाभी, ह्या वॉलेटचे बारा शब्द असत्यात. ते ज्याला ठावं, त्योच दुसऱ्या फोनवरनं पैसे हलवू शकतो. तुमी कुणाला सांगितलासा?

फातिमा : कुणाला न्हाई. त्यांनी मला फोनवर सांगितले, मी पाठ केले. कागदावर लिहू नको म्हणाले. त्यांना ठावं आनि मला ठावं.

नईम : तर मग कोणतरी फोडलंय वॉलेट. सगळं आत्ता तुमच्या नावावर ओढून घेतो.

फातिमा : फोडणारा रोज एका चहापुरतंच घेतोय व्हय?

नईम : ते मला सांगता येणार न्हाई. द्या तुमचा फोन.

फातिमा : किती वाजले?

नईम : सातला पाच कमी.

फातिमा : मग थांब. सात होऊ दे.

नईम : कशाला उगंच? भाभी, माझ्या अंगावर काटा आलाय.

फातिमा : माझ्या न्हाई आला. थांब म्हटलं न्हवं? ठेव तो फोन फरशीवर. हात लावू नको.

नईम : सात वाजले. झालं, काय न्हाई. बघितलंसा? आता… या अल्ला. गेलं. भाभी, गेलं आत्ता! फोन फरशीवर हाय, मी बोटसुद्धा लावलं न्हाई!

फातिमा : त्या गुंडूचा नंबर असंल ह्याच्यात. तुझ्या फोनवरनं लाव. मला ऐकू येईल असा.

गुंडू : हॅलो! कोन बोलालंय? मोठ्यानं बोला, गिऱ्हाईक हाय हितं!

नईम : मी कोल्हापुरातनं बोलालोय. हुसेनचा भाऊ, नईम.

गुंडू : आयला, हुसेनभाईचं भाऊ! मी राधानगरीचा की वो! बोला पावणं, काय म्हनतंय कोल्लापूर?

नईम : गुंडूदा, भाई तुमच्याकडं शेवटचा कवा आलता?

गुंडू : शेवटचा? म्हंजे काय? रोज येत्यात की. मदी कंपनीनं लांबच्या साइटवर टाकलंतं, तवा पंधरा दीस दिसलं न्हाईत. मग परत याय लागलं.

नईम : बोलतो काय तुमच्यासंगं?

गुंडू : न्हाई बगा. पयलं लई बोलायचं, सगळ्या टपरीला हसवायचं. आता कडंला येऊन हुबं ऱ्हात्यात. मोबाइलवर पैसं टाकत्यात, माजं मशीन टिंग करतंय, मी कप ठिवतो. मी म्हटलं दमलं असतील, कशाला इचारा. आजारी हायत काय?

नईम : गुंडूदा, ऐका. भाईला जाऊन पाच—

फातिमा : नईम, गप. दादा, मी त्यांची बायको बोलते. आज आलेत का?

गुंडू : वैनी व्हय! हे काय, हितंच हुबं हायत. देऊ काय फोन?

नईम : भाभी, नको. मी बंद करतो.

फातिमा : हात काढ. द्या, दादा.

(फोनवर लांबून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज.)

फातिमा : ऐकालाय न्हवं? मी हाय.

त्या दिवशी तुमचा फोन आलता. दोनदा. मी बघितला आनि उचलला न्हाई. रजा परत पुढं ढकलली म्हणून रागात होते. म्हटलं, उद्या बोलीन.

अर्शीला नर्सिंगला घेतलं. हुपरीहनं चांदीची पैंजणं येत्यात झाळून जोडायला, हात बसलाय आता माझा. चाललंय आमचं. तुमास्नी हितं आणलं, अम्मीच्या शेजारीच जागा मिळाली. तिकडं कोण न्हाई राहिलं तुमचं. उगंच उन्हातान्हात उभं राहू नका.

घरला या.

नईम : भाभी, पुरे आता. तिकडनं कुणी बोलंना.

गुंडू : हॅलो! वैनी? अवो, फोन काउंटरवरच हाय. हुसेनभाई कवा गेलं कळलंच न्हाई. समोर तर नुसतं मोकळं मैदान हाय, लांबपतोर कोन दिसंना.

नईम : भाभी… तुमचा फोन बघा. आत्ता वाजला तो.

फातिमा : तूच बघ. मला अक्षरं दिसंनात.

नईम : भाईच्या वॉलेटातनं आलंय. होतं तेवढं सगळं. त्याच्याकडं काय राहिलं न्हाई.

गुंडू : वैनी, हाईसा काय? चहा हितं तसाच भरलेला हाय. वतून टाकू?

फातिमा : नका, दादा. राहू दे तासभर. ते गार करूनच प्यायचे.