धावून राहिला

(आखाडा बाळापूर, २००४. धावपटू मंडळाची पत्र्याची खोली. पंचवीस वर्षांची स्मरणिका दुपारी छापायला जायची आहे.)

करुणा : आजोबा, ह्या जुन्या रजिस्टरात चौऱ्याण्णवच्या पानावर हरिचंदकाकाच्या नावापुढं वेळ काहून न्हाई? नुसतं ‘धावून राहिला’.

ग्यानोबा : मंग? अकरा पोरं आले, त्यो आला नव्हता. वाटंत आसंल, धावून राहिला, म्हणून लिवलं.

प्रमोद : करुणा, सोड ते पान. मी सेक्रेटरी म्हणून सांगून राहिलो. परभणीहून आणलेल्या ढालीचं लिही.

करुणा : ढाली लिहिल्या, प्रमोददादा. सगळ्या. आता माणूस लिहिते.

ग्यानोबा : विद्यापीठाच्या नामविस्ताराला आठ दिवस झाले होते. पोराच्या अंगात निळं बनियन. आबासायबानं आधीच बजावलं होतं, ह्या रंगाचं माझ्या बांधाला दिसू नका.

प्रमोद : मामा, हळू बोला. आपल्या कार्यक्रमाला तेच प्रमुख पाहुणे हायेत. मैदान त्यांच्याच शब्दावर हाय.

ग्यानोबा : धा वर्षं हळूच बोललो ना!

करुणा : मग पोलिसांनी शोधलं न्हाई?

ग्यानोबा : मी रजिस्टर घेऊन ठाण्यात गेलो. सायेब पुण्याकडला. वाचलं अन् हसला. म्हणे, ‘धावून राहिला, म्हणजे धावला आणि मग राहिला. राहिला असेल पाहुण्याकडे. तुम्हीच तर लिहिलंय.’ मी म्हणलं, सायेब, आमच्याकडं राहिला म्हणजे अजून चालूच हाय. म्हणे, मराठी मला शिकवतोस? दोन दिवस कुणी हाललं न्हाई. तिसऱ्या दिवशी लेकरू कॅनॉलात घावलं. पाठीवर वळ, अन् कागदावर पाय घसरला. रोज धा किलोमीटर बांधानं पळणारं पोरगं, त्याचा पाय घसरला म्हणे! तवापासून रजिस्टरात एक अक्षर लिवलं न्हाई मी.

करुणा : आता सांगा. मी लिहिते.

प्रमोद : अगं, मंडळ बसंल!

करुणा : बसू दे. सांगा, आजोबा.

ग्यानोबा : लिव्ह. हरिचंद. त्याला मारलं. शोधलं न्हाई. खाली माझं नाव टाक.

करुणा : दोघांचं टाकते.

प्रमोद : तुमी ऐकणार न्हाईच. करुणा जुनं रजिस्टर चाळती, हे गावभर झालंय. सकाळी आबासाहेबांचा माणूस आला होता इथं.

करुणा : स्मरणिका बघायला?

प्रमोद : न्हाई. त्यातलं काहीच विचारलं न्हाई. चहा घेतला, ढाली बघितल्या.

ग्यानोबा : मंग कशाला आला होता?

प्रमोद : पोरी पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं किती वाजता पळायला निघतात म्हणे. आन् करुणा घोळक्यात असती का पुढं.

ग्यानोबा : तू काय सांगितलं?

प्रमोद : जे हाय तेच. तिला कुणी गाठत न्हाई म्हणलं, अर्धा मैल पुढं एकटीच असती... मामा, असं काय बघता? कौतुकानं सांगितलं मी.