पैनगंगेच्या उतारावरचे हत्ती

कॉम्प्युटरवरचा गेम म्हणजे रिकामटेकड्यायचं काम, असंच मी आजवर म्हणत आलो. माही सून पल्लवी दोन हजार वर्षांमागच्या राजायच्या लढाईचा गेम खेळते. त्यात आपला मुलूखच नव्हता, म्हणून तिनं अन् तिच्या दोस्तायनं वरून काढलेले फोटो पाहूपाहू पैनगंगा उथळ-खोल जशी हाय तशीच त्यात घातली. मॉड म्हणते ती त्याले.

परवा तिचा किल्ला पडायले आला अन् तिची हत्तीयची फौज नदीच्या अलीकडंच अडकली.

"नावा नाहीत, मामाजी. गेला किल्ला."

"नावा कायले पाह्यजेत? ते वळण दिसते ना, त्याच्याखाली उतार हाय, गुडघाभर पाणी असते. मी बैल तिथूनच नेतो."

"हा गेम आहे, मामाजी."

"नदी तर आपलीच हाय ना? दाब तिथं."

तिनं दाबलं. सारे हत्ती एकामागं एक त्याच जागी पाण्यात उतरले अन् पलीकडं निघाले. किल्ला वाचला.

पल्लवी हासून राह्यली होती. तो उतार मले माह्या बापानं दाखवला, त्याले त्याच्या बापानं. त्याच्याआधी तिथून कोण कोण गेलं असन, हे मी कधी इचारलंच नव्हतं.