गाठ टाकून न देणारे केरबाभाऊ

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे ज्येष्ठ सर्जन, व्यासपीठावरील व्यवस्थापक साहेब, विश्वस्त मंडळी, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती केरबाभाऊ गराडे, आणि लोणावळ्यातून, मावळातल्या गावांतून आलेल्या बंधुभगिनींनो,

केरबाभाऊंनी एकतीस वर्षं आपल्या प्रयोगशाळेत काढली. रुग्णाच्या अंगातून काढलेला तुकडा सडू नये म्हणून फॉर्मलिनमध्ये मुरवायचा, मेणात बसवायचा, कागदाहून पातळ कापून काचेवर घ्यायचा, रंगवायचा. मग मी सूक्ष्मदर्शकातून बघून निदान लिहिणार आणि नाव माझं होणार.

चार वर्षांपूर्वी पवनानगरच्या वरच्या वाडीतल्या बयाबाईंच्या मानेतली गाठ अध्यक्षांनी काढली. कौशल्यानंच काढली. पण ती आमच्याकडे आली सलाइनमध्ये, कारण फॉर्मलिन संपलं होतं. मागणीची फाइल तीन आठवडे व्यवस्थापक साहेबांच्या टेबलावर होती. घाईघाईत सही करणं साहेबांच्या स्वभावात नाही, हे आपण जाणताच.

केरबाभाऊ अध्यक्षांना म्हणाले, "सर, सलाइनमध्ये गाठ सडेल. मग तपासायचं काय?"

सर म्हणाले, "साधीच दिसते. टाकून द्या."

इतका दांडगा अनुभव, नुसत्या डोळ्यांनी दिसतं! मग रुग्णालय मला पगार कशासाठी देतं, असा प्रश्न मलाही पडला.

केरबाभाऊंनी गाठ फ्रीजमध्ये ठेवली. शनिवार होता. भुशी धरणाकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाड्यांतून वाट काढत ते चालत कॉलेजात गेले. प्राणिशास्त्राच्या बाईंकडून बेडकांसाठी ठेवलेलं फॉर्मलिन मागून आणलं, प्रमाणात पाणी घातलं आणि गाठ त्यात ठेवली.

मंगळवारी काच माझ्यासमोर आली. कॅन्सर होता. बयाबाईंवर पुण्यात वेळेवर उपचार झाले. केरबाभाऊंचीही प्रशासनानं तत्परतेनं दखल घेतली: विनापरवानगी काम सोडून जाणं आणि बाहेरचं रसायन आत आणणं, या दोन कारणांसाठी मेमो. मी विचारलं, "भाऊ, वाईट वाटलं का?"

"वाटलं, मॅडम. पण गाठ चांगली मुरली होती."

बयाबाई आज तिसऱ्या रांगेत आहेत. मघाशी मी म्हटलं, "मावशी, दोन शब्द बोलता का?"

"मला न्हाई जमायचं. ह्यांनी गाठ टाकली न्हाई म्हून मी हितं बसलेय, येवढं तुमीच सांगा."

सांगितलं.

आता आभार. बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, शांतपणे ऐकल्याबद्दल आपल्या सर्वांचे. कमीजास्त बोलले असेन तर उदार मनानं सोडून द्यावं. मात्र सोमवारच्या ऑपरेशनच्या यादीत तीन गाठी आहेत आणि केरबाभाऊंच्या जागी अजून कोणी नेमलेलं नाही. त्या तीन माणसांना काय सांगायचं, तेवढं चहाच्या आधी कळलं तर बरं होईल.