थोरलीच्या मण्याला धाकटीनं हात लावावा का?

मंडळी, ऐका! आज प्रश्न एकच आहे, आणि तो अवघड आहे. थोरल्या माणसाच्या हातून चूक झाली, धाकट्याला ती दिसली — तर धाकट्यानं काय करावं? बोलावं? का गप्प बसावं? बघा, सुना वर बघायला लागल्या आणि सासवा खाली!

आख्यान लांबचं नाही. आपले पखवाजवाले दिगूआण्णा — परवा विळीनं त्यांचं बोट कापलं. का हो आण्णा, भाजी तुम्ही चिरता? बरं, बरं, वाजवा! तर ती जखम भरायची म्हणजे नव्या पेशी हव्यात. एका पेशीच्या दोन व्हायच्या, तर आधी तिच्या पोटातल्या डीएनएची दुसरी प्रत व्हायला हवी. हे काम एन्झाइम करतात. एन्झाइमला डोळे नसतात, तोंड नसतं — पण कीर्तनात आलं की सगळ्यांना तोंड फुटतं!

डीएनए म्हणजे एकमेकींना धरून असलेल्या दोन माळा. मणी चार जातींचे — ए, टी, जी, सी. 'ए'समोर 'टी', 'जी'समोर 'सी'. दुसरी सोयरीक चालत नाही! सासरे हेलिकेज पुढं चालत माळा सोडवत जायचे, आणि मागून तीन सुना सुट्या माळेसमोर नवे मणी जोडायच्या. थोरली अल्फा, मधली एप्सिलॉन, धाकटी डेल्टा.

मधलीचं नशीब बघा! तिची माळ सरळ. सासऱ्यांच्या मागं चालत राहायचं, बस्स. धाकटीची माळ उलटी! मणी एकाच दिशेनं जोडता येतात, आणि सासरे निघालेत नेमके दुसरीकडं. म्हणून हिनं थोडं जोडायचं, परत पुढं धावायचं, परत तोंड फिरवून जोडायचं. सगळे तुकडेच तुकडे! "माझ्याच वाट्याला का हे?" असं डेल्टा म्हणायची. मनात म्हणायची. धाकटी ना!

आणि एक गोष्ट डेल्टाला अजिबात यायची नाही — सुरुवात करणं! तो मान थोरलीचा. अल्फाबाई प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी थोडे कच्चे मणी घालायच्या, त्यापुढं थोडे पक्के, आणि निघून जायच्या. कच्चे मागाहून काढायचेच असतात. पक्के मात्र थोरलीच्या हातचे!

तर झालं असं, की एक तुकडा जोडत जोडत डेल्टा आधीच्या तुकड्याच्या तोंडाशी पोचली. तिथले कच्चे मणी तिनं उचलले, त्यांच्या जागी आपले घातले. आता थांबायचं — तोच तिला दिसलं. थोरलीच्या पक्क्या मण्यांत, अगदी शेवटी, 'ए'समोर 'सी' बसलेला!

दोन तुकडे सांधणारा दीर लायगेज टाका घालायला उभाच. "वहिनी, आटपा! घालू का टाका?"

एकदा टाका पडला, की चुकीचा मणी गेला नव्या पेशीत. मग तिच्या लेकीत, लेकीच्या लेकीत! मागाहून तपासणारे असतात म्हणा. पण त्यांच्याही नजरेतून सुटला तर?

मधली जाऊ पलीकडून म्हणाली, "गप बस गं! थोरल्यांचं काम उसवतेस? या घरात राहायचंय ना तुला?"

डेल्टानं स्वतःच्या चुका कितीदा काढल्या होत्या. एक पाऊल मागं यायचं, मणी तोडायचा, दुसरा घालायचा. त्यात कसली आली लाज? पण हा थोरलीचा!

"भाऊजी, थांबा!" ती म्हणाली. मग थोरलीला हाक मारली, "जाऊबाई, रागावू नका. तुमचा एक मणी चुकलाय."

"कच्च्यातला?"

"पक्क्यातला."

अल्फाबाई म्हणाल्या, "मला मागं वळून तपासता येत नाही गं. ते तुला येतं. काढ तो."

"एकटा नाही निघत. तिथवरचे सगळे उचलावे लागतील. तुमच्या हातचं इथं काहीच उरणार नाही, जाऊबाई!"

थोरलीला वाईट वाटलं! का नाही वाटणार? मग म्हणाली, "नाही उरलं तर नाही उरलं. माळ नीट राहू दे."

डेल्टाला रडू फुटलं. रडत रडत ती मणी उचलत गेली, त्यांच्या जागी आपले घालत गेली. उचललेल्यांचं लोंबतं शेपूट फेन नावाच्या गड्यानं कातरलं. 'ए'समोर 'टी' बसला, लायगेजनं टाका घातला, आणि पेशीच्या दोन पेशी झाल्या.

आता मंडळी, धाकट्यांना मी काय सांगू? त्यांना सगळं दिसतंच असतं! माझं बोलणं या पुढं बसलेल्या थोरल्यांशी आहे. घर तुम्ही उभं केलंत, मान तुमचाच. पण तुमच्या एखाद्या रीतीला सुनेनं हात लावला, की तुम्ही जेवणाचं ताट सरकवता! आज घरी जाल, तर धाकट्यांना जवळ बसवा आणि विचारा, "माझं काय चुकलंय?" उत्तर लगेच येईल हो, तयारच असतं! ते ऐकून घ्यायचं बळ देवानं तुम्हाला द्यावं, मलाही द्यावं. आणि ऐकून झाल्यावर एवढंच म्हणा — "काढ, बाळ."