पाटीवर म्हैस मावेना

मंडळी, बसलात का सगळे? मागचे जरा पुढं सरका. टाळकरी, दम घ्या. मृदंगवाले, पाणी प्या. तोवर मी एक प्रश्न टाकतो — माणसानं आपल्या नावापुढं काय लिहावं?

सोपा वाटतोय ना? ऐका तर!

तांबडेवाडी नावाचं गाव. तिथं तुळशीदास घोलप राहायचा. जनावरांच्या उपचाराचा दोन वर्षांचा डिप्लोमा केलेला. मोठे पशुवैद्य तालुक्याला, त्यांच्या सांगण्यावरून हा गावोगाव औषधपाणी करायचा. आणि हात कसा गुणी! लाथाडी गायसुद्धा त्याच्यापुढं शहाण्यासारखी उभी राहायची.

पण मनात एक सल होती हो! लग्नाच्या बैठकीत सासऱ्यानं विचारलं होतं, "म्हणजे पूर्ण डॉक्टर नाही?" बारा वर्षं झाली, सासरे विसरले. जावई कुठला विसरतोय!

तर तुळशीदासनं अनोळखी मोठ्या गावात बिऱ्हाड केलं आणि एसटी स्टँडसमोर गाळा घेतला. गाळा आला की पाटी आली. आणि पाटी आली की — मंडळी, इथंच पाय घसरतो!

हसन पेंटर ब्रश घेऊन हजर. म्हणाला, "तुळशीदासभाऊ, सांगा काय लिहू?"

"लिही — डॉक्टर तुळशीदास घोलप." डॉक्टर! कुणी केलं? स्वतःच! "पुढं डिप्लोमाची तीन अक्षरं. मग बी.एस्सी., कंसात अपिअर्ड." एक वर्ष कॉलेजला गेला होता बिचारा. परीक्षेच्या हॉलपर्यंत पोचला, हे मात्र शंभर टक्के खरं! "मग शेळीपालनाची चार अक्षरं, कंसात पुणे." हे शिबिर होतं तीन दिवसांचं. त्यातला एक दिवस सहलीचा! "मग कॉम्प्युटर कोर्सची अक्षरं." आता मला सांगा, म्हैस काय माऊस दाबून दूध देते?

हसननं सगळं लिहिलं. मग मागं सरकला, डोकं खाजवलं.

"भाऊ, अक्षरं मावली. पण खाली म्हैस काढायची होती, तिला जागाच उरली नाही."

"राहू दे म्हैस."

"आणि 'जनावरांचा दवाखाना'?"

"कोपऱ्यात लिही बारीक."

तुळशीदासची बायको कुंदा चहा घेऊन आली होती. तिनं पाटी वाचली आणि पदर तोंडाला लावून अशी हसली, अशी हसली! "अहो, हे कोण राहायला आलंय आपल्याकडं?"

तुळशीदास चिडला. "तुला नाही कळायचं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं. कोण? गाय? नाही! गुडघा धरून एक आजोबा! "डॉक्टर, जिना चढवत नाही." त्यांच्यामागं एक सून, सासूला घेऊन. सासूला ढेकर येत होते. तुळशीदास हात जोडून म्हणाला, "अहो, मी जनावरांचा!" सासू भडकली. "मग मला इथं आणलंस कशाला गं?" त्या सुनेचं पुढं काय झालं, ते मला विचारू नका!

आणि जनावरंवाले? ते पाटी बघायचे, माणसांचा मोठा डॉक्टर दिसतोय म्हणायचे आणि गाय घेऊन पुढच्या गावाला चालू पडायचे. महिनाभर गाळ्यात माश्या! तुळशीदासला जेवण गोड लागेना. गाळा सोडायची वेळ आली, तरी पाटी काही उतरवेना.

एके सकाळी हौसाबाई ढेकळे धावत आली. एकटी बाई, घरात ती आणि तिची म्हैस चंद्री, बस्स!

"लेका, चल लवकर! चंद्री अडलीय, रेडकू बाहेर येईना!"

"मावशी, पाटी वाचून तुम्हाला कसं कळलं, मी जनावरांचा?"

"मला कुठं वाचता येतंय? तुझ्या अंगाला गोठ्याचा वास येतो, म्हणून आले!"

घ्या! खरी पदवी तिला नाकानं कळली!

गोठ्यात सगळी आळी जमलेली. तुळशीदासनं हात घालून पाहिलं, तर रेडकाचं डोकं मागं वळलेलं. तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते सुट्टीवर! त्यांच्या जागी आलेले नवे साहेब बोलत होते. हात भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर. अख्खी आळी ऐकतेय!

"तिथं डॉक्टर कोण आहे?" साहेबांनी विचारलं. "पदवीवाले असाल, तर मी तुम्हाला काय शिकवणार? तुम्हीच करा, मी निघालोच आहे. नसाल तर तसं सांगा, मी एकेक पायरी सांगतो."

मंडळी, काय करावं त्यानं? हो म्हटलं, तर पाटी वाचते. नाही म्हटलं, तर चंद्री! पोहोचायला साहेबांना तासभर लागणार. हौसाबाईनं म्हशीच्या मानेला मिठी मारलेली. कुंदा दारात उभी, आणि आज ती हसत नव्हती हो!

तुळशीदास फोनकडं वाकला. म्हणाला, "साहेब, इथं डॉक्टर कुणी नाही. मी डिप्लोमावाला आहे. दोन वर्षांचा."

"शाब्बास! आता ऐका. ओढू नका. कळ थांबली की रेडकू आधी आत ढकला. जागा झाली की तोंड धरा, हळू सरळ करा. मग कळ येईल, तेव्हाच ओढायचं."

ढकललं. धरलं. वळवलं. चंद्रीनं हंबरडा फोडला, आणि — आलं! ओलंचिंब, काळं कुळकुळीत रेडकू! चंद्री त्याला चाटायला लागली. हौसाबाई रडत होती आणि तुळशीदासही रडत होता.

संध्याकाळी हसन पुन्हा शिडीवर. नवी पाटी अशी — मधोमध ही एवढी म्हैस, शेजारी रेडकू. खाली, "तुळशीदास घोलप. जनावरांचा डिप्लोमा, दोन वर्षे. अवघड दुखण्याला तालुक्याच्या डॉक्टरांना विचारतो." बस्स! चौथ्या दिवशी स्टँडसमोर इतकी जनावरं, की एसटीला वळायला जागा नाही!

हसताय? हसा! पण मघापासून तुम्ही माझ्या डोक्यामागं बघून का हसताय, तेही कळतंय मला! हा फ्लेक्स! कीर्तनमार्तंड, संगीत अलंकार! अहो, संगीताच्या दोन परीक्षा दिल्या मी, तिसरीला सर्दी झाली! तुमच्या उत्सव समितीनं फोनवर विचारलं, "महाराज, नावापुढं काय टाकू?" मी म्हणालो, "टाका तुम्हाला योग्य वाटेल ते." अहो, तुळशीदास निदान स्वतःच्या तोंडानं बोलला. मी तुमच्या तोंडून वदवून घेतलं!

हे घ्या माझं उपरणं. झाका ती ओळ. आधी झाका, मग आरती!

आणि तुम्ही? घरी गेलात की दारावरची पाटी काढा, खिशातलं कार्ड काढा. घरच्या माणसाला शेजारी उभं करा आणि मोठ्यानं वाचा. जिथं ते हसेल ना, तेवढी ओळ पुसा! मग जे उरेल, तेच नाव देवाला ठाऊक आहे. म्हणा, जय जय विठ्ठल!